खंड्या घरी, तुम्ही ऑफिसात!

स्टेन्ड ग्लासची खिडकी करून घ्यायची म्हटलं की आपण आधी फूल निवडतो, पक्षी निवडतो. खरं तर आधी बघायचं ते घड्याळ!

होम लोन सँक्शन झालं, पझेशन मिळालं, मॉड्युलर किचनचे हप्तेही सुरू झाले. आता घरात एक तरी गोष्ट अशी हवी, की पाहुण्यांनी चपला काढता काढताच विचारावं, 'हे कुठून आणलंत?' मग कुणी वॉलपेपर लावतं, कुणी कोपऱ्यात बुद्ध बसवतं. आणि कुणाच्या तरी डोक्यात येते स्टेन्ड ग्लास. रंगीत काचांची खिडकी, त्यात कमळाची पानं आणि देठावर बसलेला निळाशार खंड्या. आयडिया एकदम सही! फक्त एक छोटासा प्रश्न. तो खंड्या तुम्ही बघणार कधी?

हसू नका. रंगीत काच पेटते ती मागून उजेड आला की. दिवसा बाहेर ऊन असतं, म्हणून आत बसलेल्याला खिडकी झगमगताना दिसते. रात्री घरात दिवे लागले की सगळा मामला उलटा. मग खंड्या दिसतो समोरच्या बिल्डिंगमधल्या काकूंना आणि तुमच्या वाट्याला येते काळपट काच. पटत नसेल तर कुलाब्याच्या अफगाण चर्चला जाऊन या. १८५८ साली खुल्या झालेल्या या चर्चच्या खिडक्या इंग्लंडच्या विल्यम वेल्सने केलेल्या. दिवसा बाहेरून बघाल तर मळकट, करडी काच. आत पाऊल टाका, तीच काच बोलायला लागते.

आता हिशोब करा. सकाळी आठची लोकल आणि रात्री नऊला घरी. म्हणजे एवढे पैसे घालून केलेली खिडकी फक्त रविवारी चालू!

आधी जागा, मग जनावर

म्हणून पहिला फंडा हा, की घरात तुम्ही उजेडाच्या कुठल्या बाजूला आणि किती वाजता असता ते बघा. सकाळचा चहा पूर्वेच्या खिडकीत होत असेल तर तिथे लावा, रोज दहा मिनिटं तरी तुमची. तेही जमत नसेल तर बाहेरच्या खिडकीचा हट्ट सोडा. हॉल आणि पॅसेजमधलं पार्टिशन, स्टडीचं दार, दारावरची अरुंद पट्टी, या जागा रात्री कामाला येतात. पलीकडच्या खोलीत दिवा लावला की अलीकडे चित्र उजळतं. आपल्या जुन्या वाड्यांत दारा-खिडक्यांच्या वर रंगीत काचा असायच्याच की! अगदीच काही नाही तर भिंतीवर फ्रेम आणि मागे एलईडी.

काचही त्याप्रमाणे निवडायची. पारदर्शक रंगीत काचेला मागे मोकळं आभाळ लागतं. तुमच्या खिडकीसमोर शेजारच्या बिल्डिंगचे पाइप आणि वाळत घातलेले कपडे असतील, तर खंड्याच्या पोटातून तेच दिसणार. तिथे दुधी छटेची ओपलेसंट काच घ्या. ती मागचा उजेड पसरवते, पाइप झाकते आणि समोरून दिवा पडला तरी थोडाफार रंग दाखवते.

काळी रेघ हेच चित्र

दुसरी गोष्ट. इंटरनेटवरून मोराचा फोटो डाउनलोड करून 'सेम टू सेम असंच करा' म्हणणं सोडून द्या. कागदावर काहीही काढता येतं, काचेत नाही. काम कसं चालतं बघा. आधी खिडकीच्या मापाचं पूर्ण आकाराचं रेखाटन होतं. त्याला कार्टून म्हणतात (नाही, टॉम अँड जेरीवालं नाही!). त्यातल्या प्रत्येक तुकड्याला नंबर मिळतो. कटरचं बारीक चाक काच कापत नाही, नुसता ओरखडा काढतं. त्या ओरखड्यावर दाब दिला की काच तुटते. मग कडा घासायच्या, तुकडे शिशाच्या खाचेदार पट्ट्यांत बसवायचे, सांधे सोल्डर करायचे आणि फटींत पुट्टी भरायची.

गोची इथेच आहे. काचेला आत वळणारी खोल खाच सहन होत नाही, तडा जातो. लांब निमुळतं टोक तर हमखास मोडतं. म्हणजे हरणाचे चार पाय एका तुकड्यात कापायला जाल तर डोक्याला ताप. चांगला कारागीर तिथे शिशाच्या रेघेलाच कामाला लावतो. कमळाचा देठ म्हणजे रेघ, पानाची शीर म्हणजे रेघ, बगळ्याचा पाय म्हणजेही रेघच. डोळा किंवा पिसांचे बारीक तपशील काचेवर खास रंगाने काढून भट्टीत भाजतात, म्हणजे ते काचेतच मुरतात.

चतुर कुणाचा?

तुकडे फारच लहान असतील तर शिशाऐवजी प्रत्येक तुकड्याच्या कडेला तांब्याची पातळ चिकटपट्टी लावून सोल्डर करतात. या पद्धतीचं नाव जोडलं गेलंय न्यूयॉर्कच्या लुई कम्फर्ट टिफनीशी. त्याच्या स्टुडिओतले चतुर आणि फुलांचे लॅम्प जगभर गाजले. चतुराच्या लॅम्पला तर १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात पदकही मिळालं. पण त्याची आणि प्रसिद्ध विस्टेरिया लॅम्पची डिझाइनर होती क्लारा ड्रिस्कॉल, तिथल्या महिला काचविभागाची प्रमुख. ही गोष्ट जगासमोर नीट आली ती तिची पत्रं सापडल्यावर, २००७ च्या न्यूयॉर्कमधल्या प्रदर्शनात! प्रेझेंटेशन आपलं आणि नाव बॉसचं, हे दुःख तुम्हाला वेगळं सांगायला नको. तेव्हा तुमच्या पॅनलच्या कोपऱ्यात करणाऱ्याची सही आणि साल जरूर घाला.

आपलं झाड, आपला पक्षी

विषयासाठी परदेशी ट्युलिप कशाला? आपल्याकडचा ब्लू मॉर्मन बघा, २०१५ पासून महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू. काळ्या पंखांवर निळे ठिपके, शिशाच्या रेघांसाठीच जन्मल्यासारखं. शेकरूच्या झुपकेदार शेपटीला तांबूस रेषांची काच, ताम्हणाला जांभळी. आणखी आयडिया हव्यात? सीएसएमटीला ट्रेन पकडताना एकदा मान वर करा. जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी केलेल्या दगडी कोरीवकामात पानाफुलांसोबत प्राणी-पक्षीही सापडतील.

फक्त खिसा सांभाळा. भाव नुसत्या चौरस फुटावर नसतो, तुकड्यांच्या संख्येवरही असतो. शंभर पाकळ्या म्हणजे शंभर वेळा कापणं-घासणं. रंगही बघा. निळा येतो कोबाल्टने, पण खास गुलाबी येतो चक्क सोन्यामुळे. म्हणून कमळ महाग पडू शकतं!

ऑर्डर देण्याआधी

- कारागिराला घरी बोलवा. काचेचे नमुने तुमच्याच खिडकीत, तुमच्याच वेळेला धरून बघा.
- पॅनल आहे त्या खिडकीच्या आतल्या बाजूला बसवा. पाऊस बाहेर राहतो आणि बिल्डिंगचा बाहेरचा लूक बदलत नसल्याने सोसायटीची कटकटही कमी.
- मोठ्या पॅनलला मागे आधाराची सळई आहे ना, विचारा. नाहीतर काही वर्षांत पोट सुटतं. आपलं नाही, खिडकीचं!
- शिसं विषारी असतं. रांगतं बाळ असेल तर हात पोचणार नाही अशा उंचीवर लावा. पुसायला मऊ ओलसर फडकं पुरे, व्हिनेगर नको. पुसून झाल्यावर हात धुवा.
- भाड्याच्या घरात असाल तर रंगीत फिल्म चिकटवा, बिनधास्त. पण स्टेन्ड ग्लासच्या भावात फिल्म घेऊ नका. खऱ्या कामात रंग काचेच्या अंगातच असतो आणि शिशाची पट्टी दोन्ही बाजूंनी हाताला लागते.

नीट केलेलं शिशाचं काम शंभरी गाठतं. आपली नोकरी, आपला पिन कोड, कदाचित आपला फ्लॅटसुद्धा त्याआधी बदललेला असेल. म्हणून घाई नको. दिवसातली कोणती दहा मिनिटं खरोखर तुमची आहेत ते आधी ठरवा, आणि खंड्याला तिथे बसवा.