दया नको, करुणा हवी!

कलेने माणसे जोडली जातात, असे प्रस्थापित समीक्षक नेहमी सांगतात. आमचा त्यांना साधा सवाल आहे : कोणती माणसे? महानगराचा मैला उपसणारा कामगार या जोडणीत कधी होता काय?

सुधारक ओलवे यांनी त्याला तिथे आणले. २०१६ साली पद्मश्री मिळालेल्या या छायाचित्रकाराने मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांमागे वर्षानुवर्षे कॅमेरा घेऊन पायपीट केली. गटारात उतरलेला माणूस, हाताने कचरा उपसणारा माणूस, आणि ड्युटी संपल्यावर बायकापोरांत बसलेला तोच माणूस. या कामगारांत बहुसंख्य आपलेच, दलित-बौद्ध समाजाचे. ही कृष्णधवल छायाचित्रे पाहताना ‘बिचारा’ हा शब्द तोंडात येत नाही. दया करायला अंतर लागते, थोडे वर उभे राहावे लागते. ओलवेंचा कॅमेरा वर उभाच राहत नाही, तो त्यांच्या घरात जाऊन बसतो. म्हणूनच पाहणाऱ्याला शरम वाटते.

तथागताची करुणा ती हीच, असे आम्हाला वाटते. अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात भिक्षापात्र घेतलेले बुद्ध यशोधरा आणि राहुलसमोर उभे आहेत. बुद्ध आकाराने भव्य, मायलेक इवलेसे. पण आपली नजर खिळते ती त्या मायलेकांवरच! ज्याला राजवाडा ठाऊक नाही आणि जातककथाही ठाऊक नाहीत, त्यालाही ते दुःख कळते.

नागपूरच्या सवी सावरकरांनी गळ्यात मडके अन् कमरेला झाडू बांधलेला अस्पृश्य रंगवला. पेशवाईतल्या पुण्याचे हे वास्तव बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘जातिनिर्मूलन’मध्ये नोंदवले होते. सावरकरांच्या चित्रानंतर ओलवेंची छायाचित्रे पाहावीत. कमरेचा झाडू सुटला आणि हातात आला, एवढाच काय तो फरक!

हाताने मैला उपसण्याविरुद्ध १९९३ चा कायदा झाला, २०१३ चा झाला. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने गटारातील मृत्यूसाठी ३० लाखांची भरपाई ठरवली. तरीही माणसे गटारात मरतातच. बातमीत मृतांचा आकडा येतो, चेहरा येत नाही. आणि चेहराच न दिसलेल्या माणसासाठी कोण रस्त्यावर उतरणार?

मात्र एक खंत आहे. ओलवेंच्या या कामाचे २०१३ साली पुस्तक निघाले, तेही इंग्रजीत. प्रदर्शनाच्या दालनात जाणारा वर्ग वेगळा, आपला कामगार तिथे सहसा फिरकत नाही. पण ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखोंचा भीमसागर येतो, पुस्तकांच्या दुकानांसमोर पाय ठेवायला जागा नसते. बाबासाहेबांची, बुद्धांची तसबीर घेतल्याशिवाय माणूस गावी परतत नाही. त्याच शिवाजी पार्कात एक मंडप या छायाचित्रांसाठी का नसावा? खाली मराठीत चार ओळी लिहाव्यात, तिकीट नसावे. सफाई कामगारांच्या संघटनांनी आणि आपल्या तरुण चित्रकारांनी आतापासूनच कामाला लागावे.