फी कोणी भरायची? उच्च शिक्षणाचा फायदा आणि आपली मुले

बारावीचा आणि सीईटीचा निकाल लागला की पिंपरी-चिंचवडच्या वस्त्यांमध्ये पहिला प्रश्न असतो, फी किती? शाखा कोणती, कॉलेज कोणते, हे नंतर. निगडी, आकुर्डी, पिंपरी, ताथवडे या पट्ट्यात आज कॉलेजांची कमतरता नाही. अडचण आहे ती जागा परवडण्याची आणि शेवटच्या वर्षापर्यंत टिकण्याची. म्हणून उच्च शिक्षणाच्या विस्ताराने समाजाचे भले झाले का, याचे उत्तर नुसत्या जागा मोजून मिळत नाही.

बाबासाहेबांची भूमिका

हा वाद नवा नाही. १२ मार्च १९२७ रोजी, म्हणजे चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्या अवघे आठ दिवस आधी, बाबासाहेब मुंबई विधिमंडळात शिक्षणावरील खर्चाविषयी बोलले. कला महाविद्यालयांचा सुमारे ३६ टक्के आणि हायस्कूलांचा सुमारे ३१ टक्के खर्च विद्यार्थ्यांच्या फीमधून वसूल होतो, हे त्यांनी आकड्यांनिशी दाखवले आणि हा शिक्षणाचा व्यापार आहे, असे सुनावले. शिक्षण खाते म्हणजे जेवढे दिले तेवढे वसूल करण्याचे खाते नव्हे, खालच्या वर्गांसाठी उच्च शिक्षण शक्य तितके स्वस्त केले पाहिजे, हा त्यांच्या म्हणण्याचा सारांश.

ते स्वतः १९१३ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले होते. त्या खर्चाची परतफेड रुपयांत मोजता येत नाही. ती साऱ्या देशाला मिळाली.

जागा वाढल्या, पण कोणाच्या पैशावर?

महाराष्ट्रात १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. पूर्वी मोजक्याच सरकारी आणि अनुदानित संस्था होत्या. पुढच्या काळात जागा झपाट्याने वाढल्या, पण त्या मुख्यतः पालकांच्या खिशातून.

विस्ताराचा फायदा झालाच नाही, असे म्हणणे खोटे ठरेल. केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०१४-१५ मध्ये उच्च शिक्षणातील नोंदणीचे प्रमाण देशात २३.७ टक्के आणि अनुसूचित जातींमध्ये १८.९ टक्के होते. २०२१-२२ मध्ये ते अनुक्रमे २८.४ आणि २५.९ टक्के झाले. जवळपास पाच टक्क्यांची दरी अडीच टक्क्यांवर आली. शिष्यवृत्ती आणि फी-सवलत नसती, तर आपली मुले या वाढलेल्या जागांपर्यंत पोहोचली असती का, याचा विचार प्रत्येक घराने करावा.

फायदा कोणाला होतो?

फीच्या बाजूने एक युक्तिवाद नेहमी होतो. पदवीने पगार वाढतो तो शिकणाऱ्याचा, मग खर्चही त्यानेच करावा. कॉलेजची पायरी न चढलेल्या मजुराच्या करातून तो का? प्रश्न रास्त आहे. पण उत्तर आपल्या चाकणमध्येच आहे.

अप्रेंटिसच्या २०१९ च्या नियमांनुसार किमान विद्यावेतन आयटीआयवाल्याला महिना ७,००० रुपये, डिप्लोमावाल्याला ८,००० आणि पदवीधराला ९,००० रुपये ठरले. पदवीसाठी जास्तीची वर्षे आणि लाखोंचा खर्च घालून सुरुवातीचा किमान फरक दोन हजारांचा. त्यानंतरही अनेकांची वर्षे ट्रेनी आणि कंत्राटी म्हणून जातात. तयार, शिकलेला कामगार कारखान्याला मिळतो, पण त्याला तयार करण्याचा खर्च त्याच्या आईवडिलांनी केलेला असतो. म्हणजे फायदा उद्योगाला आणि सरकारलाही, जोखीम मात्र एकट्या कुटुंबाची.

शिकणाऱ्याकडून वाटा घ्यायचाच असेल, तर तो कधी घ्यायचा हे महत्त्वाचे. इंग्लंडमध्ये २०१२ पासून वार्षिक फीची मर्यादा ९,००० पौंडांपर्यंत गेली. तरी तिथला विद्यार्थी सरकारी कर्जातून ती भरू शकतो आणि ठरावीक उत्पन्नाच्या वर गेल्यावरच फेडतो. ठरलेल्या मुदतीनंतर उरलेले कर्ज माफ होते. आपल्याकडच्या शैक्षणिक कर्जाचा हप्ता मात्र सवलतीची मुदत संपली की सुरू होतो, मग हातात कायमची नोकरी असो वा नसो. जास्त कमावणाऱ्याकडून आयकरातून घ्या, त्याला कोणाचीच हरकत नाही. पण कॉलेजच्या दारातच अडवले, तर कमावण्याची वेळच येत नाही.

अडीच लाखांची भिंत

अनुसूचित जातींसाठीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची सुरुवात १९४४ ची. आज तिचा ६० टक्के भार केंद्र आणि ४० टक्के राज्य उचलते. उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख रुपये, म्हणजे महिन्याला सुमारे २०,८३३. चाकणमध्ये वडील कंत्राटी कामगार आणि आई घरकाम करणारी असेल, तर दोघांचे मिळून हा आकडा सहज ओलांडला जातो. मग शिक्षण आणि परीक्षा शुल्काची फ्रीशिप मिळू शकते, पण निर्वाह भत्ता जातो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेतून आपल्या शहरात राहण्या-जेवणासाठी वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत मिळतात. तिलाही हीच मर्यादा आहे. महागाई वाढली, घरभाडे वाढले, मर्यादा तिथेच. ती वाढवणे ही आपली पहिली मागणी असली पाहिजे.

दुसरा प्रश्न वेळेचा. केंद्राचा हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो आणि त्यातली फी त्याने कॉलेजला भरायची असते. पैसा उशिरा येतो. तोवर घरात आजारपण, थकलेले भाडे असतेच. पैसा तिकडे वळला की कॉलेज निकाल किंवा दाखला अडवते. वस्तीत काम करताना असे विद्यार्थी दरवर्षी भेटतात. फी थकली म्हणून रात्रपाळी धरतात, हजेरी कमी पडते आणि शिक्षण सुटते. प्रवेशाच्या आकड्यांत हा मुलगा मोजलेला असतो.

प्रवेश घेताना

१. प्रवेश कॅप फेरीतूनच घ्या. व्यवस्थापन कोट्यातील प्रवेशाला शिष्यवृत्ती आणि फ्रीशिप लागू नसते.
२. खासगी किंवा अभिमत विद्यापीठ असेल, तर फी-सवलत लागू आहे का, हे पैसे भरण्यापूर्वी लेखी विचारा.
३. जातीचा दाखला, जात पडताळणी, उत्पन्नाचा दाखला आणि आधारला जोडलेले बँक खाते जूनपूर्वी तयार ठेवा. महाडीबीटीवरील अर्ज भरला म्हणजे काम संपले नाही. तो कॉलेजने पुढे पाठवला का, हे तपासत राहा.
४. मूळ कागदपत्रे अडकवून ठेवू नयेत, असे यूजीसीने २०१८ मध्येच संस्थांना बजावले आहे. अडवणूक झाली तर लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडे तक्रार करा.

देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली, तो परिसर आपल्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. पिंपरी-चिंचवडमध्ये वस्त्यावस्त्यांत विहारे आहेत. जून ते सप्टेंबर प्रत्येक विहारात आठवड्यातून दोन संध्याकाळी शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याचे काम चालले पाहिजे. सरकारी नोकरीत किंवा कंपनीत स्थिरावलेल्या बांधवांनी एक छोटा निधी उभारावा आणि शिष्यवृत्ती येईपर्यंत मुलांची फी त्यातून भागवावी. सरकारची जबाबदारी आपण घ्यायची नाही, तिच्यासाठी भांडायचेच आहे. पण तोवर एकाही मुलाचे वर्ष वाया जाऊ नये.

जय भीम!