पाटीवर नाव नको, कागदावर मालकी हवी

वसमतच्या मोंढ्यात हंगामात हळदीची पोतीच पोती उतरतात. 2024 साली वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले. मराठवाड्याची हळद आखाती देशांतल्या किराणा दुकानांपर्यंत जाते. इथे पोती उचलणारे हात कष्टकऱ्यांचे आणि तिकडे फळीवर माल लावणारे हातही कष्टकऱ्यांचेच. मग दुकान कोणाचे? हा प्रश्न आता विचारलाच पाहिजे. परक्या देशात स्वतःच्या नावे कंपनी काढण्याची वाट कायद्याने बरीच मोकळी झाली आहे. पण ती वाट नीट माहीत नसल्याने फसणारेही कमी नाहीत.

दुबईचेच उदाहरण घेऊ. विदर्भातल्या धनंजय दातार यांच्या वडिलांनी 1984 साली तिथे एक छोटे किराणा दुकान काढले. त्यातूनच मसाल्यांचा 'अल अदील' हा मोठा उद्योग उभा राहिला. त्या काळापासून पुढे कित्येक वर्षे संयुक्त अरब अमिरातीत परदेशी माणसाला बाजारपेठेत कंपनी काढायची तर किमान 51 टक्के हिस्सा तिथल्या नागरिकाच्या नावे ठेवावा लागे. पैसा आणि मेहनत एकाची, बहुमत दुसऱ्याचे! जेबेल अलीसारख्या मुक्त क्षेत्रात 1985 पासून पूर्ण मालकी मिळू शकत होती, पण तिथून शहरात किरकोळ विक्री करायला मोकळीक नव्हती. 1 जून 2021 पासून ही अट उठली. काही राखीव क्षेत्रे सोडली, तर आज परदेशी माणूस बहुतेक व्यवसायांत शंभर टक्के मालक होऊ शकतो.

कायदा बदलला म्हणून भांडवल चालत येत नाही. आखातातला भारतीय व्यापार सिंधी, भाटिया अशा समाजांनी पिढ्यान् पिढ्या उभा केला. नव्या मुलाला मामाकडे नोकरी, काकाकडून उधारी आणि ओळखीच्या पेढीकडून माल मिळत असे. आपल्याकडे ही साखळी नाही, आणि ती का नाही हे वाचकांना सांगायला नको. बडोद्याची नोकरी सोडून मुंबईत आल्यावर बाबासाहेबांनी शेअर बाजाराविषयी सल्ला देणारी पेढी काढली होती. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक फिरकेनासे झाले आणि पेढी बंद पडली. अर्थशास्त्रातली विद्वत्ता तिथे कामाला आली नाही. दुबईतला गिऱ्हाईक हळदीच्या पुड्यावर जात शोधत नाही. पण उधारी देणारा घाऊक व्यापारी बहुधा आपल्याच देशातून गेलेला असतो, हे विसरू नये.

म्हणून आपला आधार एकच, तो म्हणजे कागद. आणि कागद दोन्ही देशांतले लागतात.

आधी इकडचे पाहू. वसमतमध्ये राहून तिकडे कंपनी काढणाऱ्याला 'फेमा' कायदा आणि 22 ऑगस्ट 2022 पासून लागू झालेले परदेशी गुंतवणुकीचे नियम पाळावे लागतात. एका व्यक्तीला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर नेता येते. पैसा अधिकृत बँकेतूनच जावा लागतो, आणि तो जाण्याआधी बँकेमार्फत अर्ज करून रिझर्व्ह बँकेचा ओळख क्रमांक घ्यावा लागतो. पुढे सहसा दरवर्षी 31 डिसेंबरपर्यंत कंपनीच्या कामगिरीचा अहवाल द्यावा लागतो. प्राप्तिकराच्या विवरणात परदेशी मालमत्ता दाखवली नाही, तर 2015 च्या काळा पैसा कायद्याखाली दहा लाखांचा दंड होऊ शकतो. हवालामार्गे पैसा पाठवला तर कंपनी चालली तरी मालक गुन्हेगार ठरतो.

जो तरुण नोकरीसाठी आधीच आखातात आहे आणि कायद्याने अनिवासी ठरतो, त्याची गोष्ट वेगळी आहे. तिथे कमावलेला पैसा तो तिथेच गुंतवू शकतो. परत आल्यावरही ती मालमत्ता त्याला ठेवता येते. आपल्या मुलांसाठी ही वाट अधिक सोपी आहे. मात्र कमाईचे पुरावे जपून ठेवले पाहिजेत.

तिकडचा हिशेबही सोपा नाही. परवाना, जागेचा करार, व्हिसा यांचे दरवर्षी किंवा मुदत संपली की नूतनीकरण करावे लागते. दुबईत कर नाही, हे आता जुने झाले. 2018 पासून पाच टक्के मूल्यवर्धित कर आहे. जून 2023 पासून 3,75,000 दिरहमपेक्षा जास्त नफ्यावर नऊ टक्के कंपनी कर आहे. परवान्याच्या खर्चालाच भांडवल समजणारा माणूस वर्षभरात बुडतो.

माझ्याकडे सल्ल्यासाठी आलेल्या एका तरुणाला दलालाने 'भागीदाराचा व्हिसा' म्हणून पाठवले होते. पगार मजुराचा, पण अरबी कागदावर तो कंपनीचा भागीदार होता. मूळ मालक पळाला, आणि भाडे व कर्जाचे देणेकरी त्याच्या दारात आले. त्याला सही कशावर केली हेच माहीत नव्हते. ज्याला वाचता येत नाही अशा कागदावर सही करू नका. अधिकृत भाषांतर मागा. कोरा धनादेश कोणालाही देऊ नका. परवान्यावर आणि कंपनीच्या करारपत्रात आपला हिस्सा किती, हे स्वतः तपासा.

मग करायचे काय? आधी घरचा पाया घाला. किमान दहा जणांनी मिळून उत्पादक कंपनी काढावी, आयात-निर्यात क्रमांक घ्यावा, मसाला मंडळाकडे निर्यातदार म्हणून नोंद करावी आणि दोन-तीन वर्षे माल पाठवून गिऱ्हाईक ओळखावे. त्यानंतरच तिकडे कंपनीचा विचार करावा. मे 2022 पासून भारत-अमिराती व्यापार करार लागू आहे. त्याचा फायदा घ्यायला माल आपला असला पाहिजे.

चळवळीने ॲट्रॉसिटीचा कायदा वस्तीवस्तीत पोहोचवला. आता जयंती मंडळांनी वर्षातून एक दिवस बँकेचा अधिकारी, सनदी लेखापाल आणि वकील यांना बोलवावे. करारपत्र कसे वाचायचे हे तरुणांना शिकवावे. मंडपाच्या खर्चाच्या मानाने हा खर्च अगदीच थोडा आहे.