मोटारबोटीच्या मंचांत मुरलेलें पाणी



बोट बुडते ती तिच्यांत पाणी शिरल्यामुळें, हें लहान मुलांनाहि ठाऊक असतें. परंतु जिच्या तळांत पाण्याचा थेंब दिसत नाहीं, जिचा पाणी उपसण्याचा पंप महिनोन्‌महिने कोरडा आहे, अशी बोट दर वर्षीं थोडथोडी मागच्या बाजूनें खालीं बसत जावी, यांत कांहीं तरी गूढ आहे असें वाटल्यावांचून राहत नाहीं. अशाच एका बोटीचें गूढ उकलतांना मला जें शिकावयास मिळालें, तें आज सांगावयाचें आहे.

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यांतील मोटारगाड्यांच्या पाट्यांवर 'दहा हजार सरोवरें' असें छापलेलें असतें. तेथें बोट ही केवळ धनिकांची चैन नव्हे. आपल्याकडे मध्यम स्थितींतील कुटुंबाच्या दाराशीं स्कूटर असावी, तशी तेथें पुष्कळांच्या अंगणांत चाकांच्या गाड्यावर बोट उभी असते. माझ्या भाच्यानें तेथें अशीच एक जुनी १८ फुटी बोट विकत घेतली. तिचें अंग फायबरग्लासचें, म्हणजे कांचेचे तंतु राळेंत भिजवून घडविलेलें, पिछाडीस इंजिन, आणि त्याच्याहि मागें पाण्यावर पुढें आलेला एक रुंद मंच. पोहणाऱ्यांनीं शिडीनें या मंचावर चढावें, मुलांनीं त्यावर बसून पाण्यांत पाय सोडावे, ही त्याची योजना. इंजिन चालू असतां मात्र तेथें कोणींहि बसूं नये. लेक पॉवेल या जलाशयावर २००० सालीं दोन लहान भाऊ एका हाउसबोटीच्या अशाच मंचाखालीं, जनित्राच्या धुरांतील कार्बन मोनॉक्साइडनें दगावले. विषयांतर झालें खरें, पण तें केल्यावांचून पुढें जाववत नाहीं.

एका रविवारीं आम्ही सहाजण त्या बोटींत होतों. दुसरी एक बोट जवळून वेगानें गेली. तिची लाट आमच्या मागच्या कांठावरून सरळ आंत आली. मुलांना गंमत वाटली, भाच्याचा चेहरा मात्र उतरला. बोट घेतली तेव्हां सहाजण बसूनहि मंच पाण्यापासून चांगला वर राहत असे. आतां त्याचा खालचा कांठ पाण्याला टेकूं लागला होता. वेग घेतांनाहि बोटीची नाळ आकाशाकडे तोंड करून राही, ती लवकर खालीं येत नसे. तळाची फळी उचलून पाहिली. आंत सारें कोरडें. शेवटीं तेथील एका वृद्ध कारागिरानें लांकडी हातोडीनें मंच ठोकून पाहिला. मधून मधून आवाज बद्द येत होता. "फोम पाणी प्यालेला आहे," त्यानें निकाल दिला.

भाचा मला म्हणाला, "मामा, फोम तर बोट बुडूं नये म्हणून भरतात ना? मग त्याचेंच ओझें कसें होईल?"

प्रश्न योग्य होता. हा फोम पॉलियुरेथेनचा असतो. या जातीच्या द्रव्यांचा शोध १९३७ सालीं जर्मनींत लेव्हरकुसेन येथें ओटो बायर यांनीं लावला. दोन पातळ रसायनें एकत्र ढवळलीं कीं मिश्रण ढोकळ्याच्या पिठासारखें फुगून वर येतें आणि कांहीं मिनिटांत कठीण होतें. त्याच्या पोटांत असंख्य सूक्ष्म बुडबुडे राहतात, आणि प्रत्येक बुडबुडा आपल्या पातळ भिंतींनीं शेजाऱ्यापासून अलग असतो. भांडीं घासण्याच्या स्पंजांतील भोकें एकमेकांस मिळालेलीं असतात, म्हणून तो पाणी पितो. हा पीत नाहीं. बोटींत वापरतात त्या फोमचें वजन दर घनफुटास साधारण २ पौंड. तेवढ्याच पाण्याचें ६२.४ पौंड. म्हणजे पाण्याखालीं गेलेला एक घनफूट फोम सुमारे ६० पौंडांचा भार उचलून धरतो. मंच नुसता पोकळ ठेवला तरी आंतील हवा हेंच काम करील. पण मंचाला एक भोक पडलें कीं हवा निघून जाते. फोमला शंभर भोकें पडलीं तरी तो जागा सोडत नाहीं. अमेरिकेंत १९७१ सालीं बोटींच्या सुरक्षिततेचा कायदा झाला, आणि २० फुटांहून लहान अशा बहुतेक मोटारबोटी पाण्यानें भरल्या तरी तरंगत राहिल्या पाहिजेत, असें बंधन त्यान्वयें उत्पादकांवर आलें. तेव्हां फोम ही कांहीं चैनीची भर नव्हे.

परंतु बंद बुडबुड्यांचा फोम पाणी पीत नाहीं, हें विधान एका हंगामापुरतें खरें आहे. वीस वर्षांपुरतें खरें नाहीं. मंचावर शिडी बसवितांना स्क्रू मारावे लागतात. प्रत्येक स्क्रूचें भोक म्हणजे एक दार. त्याभोंवतालची लांबी वाळून तडकली कीं दार उघडें झालें. थेंब थेंब पाणी आंत जातें आणि मंचाच्या तळाशीं फोमखालीं सांचतें. त्याला बाहेर पडावयास वाट नसते, कारण मंच बांधणाऱ्यानें पाणी आंत येणारच नाहीं असें गृहीत धरलेलें असतें. त्या पाण्याची वाफ बुडबुड्यांच्या भिंतींतून अगदीं सावकाश पाझरते व आंत गार होऊन पुन्हां पाणी होते. लाटांच्या धक्क्यांनीं भिंती फाटत जातात. शेवटीं येतो मिनेसोटाचा हिवाळा. गोठतांना पाणी सुमारें शेंकडा ९ नें फुगतें. बुडबुड्यांत शिरलेलें पाणी फुगून शेजारची भिंत फोडतें, वसंतांत वितळून त्या नव्या कप्प्यांत उतरतें, आणि पुढल्या हिवाळ्यांत पुन्हां तेंच.

आतां हिशेब पाहा. मंच ७ फूट रुंद, २ फूट खोल व ६ इंच जाड धरला तर आंत ७ घनफूट फोम मावतो. कोरडा असतां त्याचें वजन अवघें १४ पौंड. त्याची अर्धी जागा पाण्यानें घेतली तर आणखी २१८ पौंड, म्हणजे जवळजवळ १०० किलो! एक धिप्पाड मनुष्य पिछाडीच्या अगदीं टोकावर कायमचा येऊन बसला, आणि तोहि इंजिनाच्या मागें. मधोमध बसलेल्या माणसानें बोट सारखी दबते; टोकावर बसलेला तिला कलती करतो.

भाच्याच्या प्रश्नाचें उत्तर याच हिशेबांत आहे. असा अर्धा भिजलेला फोम पाण्याखालीं गेलाच तर अजूनहि थोडेंबहुत तारील. पण नित्याच्या प्रवासांत मंच पाण्याच्या वर असतो, आणि तेथें फोम कोणालाच तारीत नसतो; तेथें तो केवळ ओझें असतो. बुडण्याच्या प्रसंगीं जी मदत मिळावयाची ती निम्मी झाली, आणि तो प्रसंग मात्र जवळ आला.

कारागिराच्या कानावर विसंबून बोट कापण्यास भाचा तयार नव्हता, आणि तें योग्यच होतें. आम्हीं मंचाच्या खालच्या बाजूस एक बारीक छिद्र पाडलें. तपकिरी पाण्याची धार लागली. मग वरून मोठें वर्तुळाकार भोक पाडून फोमचा दहा सेंटिमीटर लांब, रुंद व उंच असा तुकडा कापून काढला आणि स्वयंपाकघरांतील कांट्यावर ठेवला. एवढा कोरडा तुकडा सुमारें ३२ ग्रॅम भरतो. आमचा अर्ध्या किलोहून अधिक भरला. ज्याला शंका असेल त्यानें एवढा प्रयोग अवश्य करावा. वजन खोटें बोलत नाहीं.

फोम जागच्या जागीं वाळवितां येईल, असा मोह प्रत्येकाला होतो. आम्हांलाहि झाला. पंखे लावले, छिद्रें वाढविलीं, तीन आठवडे वाट पाहिली. सांचलेलें मोकळें पाणी गळून गेलें. बुडबुड्यांतलें तसेंच राहिलें. जें वर्षानुवर्षें पाझरून आंत गेलें, तें तितक्याच सावकाश बाहेर येणार. भिजलेला फोम काढूनच टाकावा लागतो.

काढण्याची रीत सांगतों. बोट पाण्याबाहेर गाड्यावर घ्यावी आणि मंचाखालीं टेकू द्यावा. मग मंचाचा वरचा पत्रा कापावा; खालून कापल्यास डाग दिसत नाहीं हें खरें, पण पुन्हां बसवितांना ओली राळ डोक्यावर गळते. कांठापासून दोन बोटें जागा सोडून, करवतीचें पातें पत्र्याच्या जाडीइतकेंच खालीं जाईल असें बांधून घ्यावें. कापलेला तुकडा जपून ठेवावा, तोच परत बसवावयाचा असतो. कांचेची भुकटी डोळ्यांना व फुप्फुसांना वाईट. चष्मा व मुखवटा हवाच.

पुढचें काम निव्वळ अंगमेहनतीचें. जुनी हातकरवत, पाव कापण्याची लांब सुरी, खुरपें आणि कोपऱ्यांसाठीं पटाशी एवढ्या साहित्यावर आमचें भागलें. उभे-आडवे छेद देऊन बर्फीच्या वड्या पाडाव्या तसे तुकडे पाडले कीं ते उपटून येतात. कोरडा फोम करकरतो. भिजलेला लोण्यासारखा कापतो आणि हाताला कुजका वास राहतो. फायबरग्लासला चिकटलेला शेवटचा थर सर्वांत हट्टी. तो पटाशीनें खरवडावा, पण पटाशी भिंतींत घुसूं देऊं नये. फोम पातळ करण्यासाठीं ज्योत किंवा तापलेली तार कोणीं वापरूं नये, कारण पॉलियुरेथेन जळतांना हायड्रोजन सायनाइड हा विषारी वायु निघतो. चुरा लगेच पिशव्यांत भरावा, नाहीं तर वाऱ्याबरोबर साऱ्या सरोवरावर पसरतो. आम्हां दोघांचे दोन दिवस गेले.

पोकळी रिकामी झाली कीं लगेच बंद करण्याची घाई होते. त्याआधीं तिच्यांत थोडें पाणी ओतून बाहेरून पाहावें. जेथून पाणी बाहेर येतें तेथूनच तें आंत गेलें होतें. आमच्या बोटीची शिडीच्या चार स्क्रूंपैकीं तीन भोकें गळत होतीं. अशीं भोकें मोठीं करून इपॉक्सी राळेनें बुजवावीं, आणि राळ कठीण झाल्यावर तिच्या मधोमध नवें छिद्र पाडावें. म्हणजे लांबी पुढें फुटली तरी पाणी राळेलाच अडतें.

पुन्हां फोम भरावा कीं नाहीं, यावर आमचा वाद झाला. भाचा म्हणे, पोकळच ठेवूं, तळाशीं बूच बसवूं, खर्च वांचेल. मोठ्या बोटीसाठीं मीहि तेंच म्हटलें असतें. परंतु १८ फुटी बोटीच्या बांधणींत हा ७ घनफूट फोम तिला तारण्याच्या हिशेबांत धरलेला असूं शकतो, आणि तिच्यांत मुलें बसतात. अखेरीस फोम भरला, पण बूचहि बसविलें. एक नळी उभी चिरून तिचें अर्धें पन्हाळ तळाशीं पालथें घातलें, म्हणजे शिरलेलें पाणी त्याखालून बुचाकडे वाहील. मिश्रण थोडें थोडें करून थरांनीं ओतलें. एकदम ओतल्यास आंतली उष्णता फोमला करपविते आणि फुगण्याचा दाब मंचाच्या भिंती वांकवितो. त्याच्या वाफाहि अपायकारक, म्हणून हें काम उघड्यावर व योग्य मुखवटा लावून केलें. मग पत्रा जागेवर ठेवून, सांध्याचे कांठ तासून उतरते केले आणि त्यांवर कांचेच्या कापडाचे थर इपॉक्सींत बसविले.

बोट पाण्यांत सोडली तेव्हां सहाजण बसूनहि मंचाचा खालचा कांठ पाण्यापासून चार बोटें वर राहिला. भाच्यानें पाण्याच्या रेषेवर पिछाडीस एक बारीक खूण करून ठेवली आहे. दर शरद ऋतूंत बोट बाहेर काढली कीं तो बूच उघडतो. पहिल्या वर्षीं कांहीं आलें नाहीं. गेल्या वर्षीं चमचाभर पाणी निघालें, आणि त्याच संध्याकाळीं तो शिडीचे स्क्रू सोडवावयास बसला.