बीपीचे यंत्र आधी तपासा, मग माणूस

मागे वस्तीतल्या तपासणी शिबिरात आम्ही एका मावशींचा रक्तदाब मोजला. वरचे माप १३० च्या आसपास आले. "आता बरं आहे म्हणायचं," असे म्हणत त्या घरी गेल्या आणि त्यांनी मनानेच गोळ्या बंद केल्या. आठवड्याने दवाखान्यात तेच माप १५० च्या वर निघाले. चूक मावशींची नव्हती, आमची होती. आमच्या यंत्रातून हवा गळत होती. सुई भराभर खाली येत असल्यामुळे पहिला ठोका ऐकू येईपर्यंत ती पुढे निघून गेलेली असे. हवा सेकंदाला २ ते ३ मिलिमीटर या गतीने उतरली पाहिजे. ती वेगाने उतरली तर वरचे माप खोटे कमी येते आणि खालचे खोटे जास्त.

अनेक विहारांच्या, मंडळांच्या कपाटात डायलचे असे यंत्र असते. ते टाकून देण्याची गरज नसते. झिजलेला भाग बदलला की बहुतेक वेळा काम भागते.

गळती कशी ओळखावी?

पट्टा एखाद्या टणक बाटलीभोवती किंवा डब्याभोवती गुंडाळा. स्क्रू बंद करून सुई २०० वर न्या. काही सेकंद स्थिर होऊ द्या आणि मग घड्याळ लावून एक मिनिट पाहा. सुई ४ पेक्षा जास्त उतरली तर गळती आहे. पट्ट्याला दोन नळ्या असतील तर पंपाकडची नळी चिमटीत घट्ट दाबा. सुई थांबली तर दोष पंपात किंवा त्याच्या व्हॉल्व्हमध्ये आहे. उतरतच राहिली तर फुगा, डायलची नळी किंवा जोड पाहावा. नळीवर आणि जोडांवर साबणाचा फेस लावला की बुडबुडे जागा दाखवतात. डायलला मात्र पाणी लागू देऊ नका.

कोणता भाग, काय उपाय?

पंप : दाबल्यावर हवा भरत नसेल तर मागच्या टोकाचा व्हॉल्व्ह पाहा. हवा उलटी येऊन पंप ताठ होत असेल तर पुढचा व्हॉल्व्ह निकामी आहे. आधी धूळ झटकून पाहावे. तरी गळत असेल तर व्हॉल्व्हसह नवा पंप घ्यावा.

नळी : चीर अगदी टोकाला असेल तर तेवढा तुकडा कापून नळी पुन्हा बसवता येते. चीर मध्ये असेल तर नळी बदलावी. टेप गुंडाळून भागवू नये.

फुगा : जुना फुगा सोबत घेऊन सर्जिकल दुकानात जा. माप आणि नळ्यांची संख्या तीच हवी. नवा फुगा पट्ट्यात सपाट बसवा, दुमड किंवा पीळ राहू देऊ नका. फुग्याची लांबी दंडाच्या घेराच्या सुमारे ८० टक्के असावी. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर रक्तदाब खोटा जास्त दिसतो.

वेल्क्रो : अडकलेले धागे जुन्या टूथब्रशने काढा. हवा भरताना पट्टा सुटत असेल तर नवा घ्या. सेफ्टी पिन लावली तर फुग्याला भोक पडते.

डायल : हवा काढल्यावर सुई शून्यावर यायला हवी. पण काही डायलमध्ये सुई खिळीला टेकून राहते आणि दोष झाकला जातो. म्हणून वर्षातून निदान एकदा खात्रीच्या यंत्राला तीन तोंडांच्या जोडाने जोडून ५०, १००, १५० आणि २०० वर दोन्ही मापे ताडून पाहावीत. फरक ३ पेक्षा जास्त असेल तर डायल जाणकाराकडे द्यावी. घरी उघडू नये. पाऱ्याचे जुने यंत्रही घरी उघडू नये, कारण पाऱ्याची वाफ विषारी असते.

नवा भाग बसवल्यावर बाटलीची चाचणी पुन्हा करा. आता आम्ही यंत्राच्या पेटीत एक कार्ड ठेवतो. त्यावर तपासणीची तारीख, बदललेला भाग आणि तपासणाऱ्याची सही असते. कार्ड कोरे असेल त्या दिवशी आम्ही शिबिरात ते यंत्र वापरत नाही.

आणि वाचकांना एकच विनंती. शिबिरात माप चांगले आले म्हणून गोळी बंद करू नका. ते माप कागदावर लिहून घ्या आणि आपल्या डॉक्टरांना दाखवा. मावशी आता तसेच करतात.