विमा प्रतिनिधी होताना : कंपनीची निवड

खेड्यात राहून, घरची बागायत किंवा लहानसे दुकान सांभाळून करता येण्याजोगा व्यवसाय म्हणून विमा प्रतिनिधीच्या कामाकडे पाहणारे तरुण-तरुणी आपल्याकडे पुष्कळ आहेत. या कामाला भांडवल लागत नाही, कचेरी थाटावी लागत नाही आणि कोणाची बदली सोसावी लागत नाही. ‘आपण स्वतंत्र प्रतिनिधी होणार, चार-पाच कंपन्या हाताशी ठेवणार आणि येईल त्याला हवी ती पॉलिसी देणार’ असे पुष्कळांच्या मनात असते. मात्र कायदा तसे म्हणत नाही आणि नेमक्या याच जागी नव्या उमेदवाराची फसगत होते. म्हणून या बाबतीतील वस्तुस्थिती येथे मांडली आहे.

विमा अधिनियम, 1938 याच्या कलम 42 मध्ये 2015 साली सुधारणा झाली. या कलमानुसार एका व्यक्तीस एक आयुर्विमा कंपनी, एक सर्वसाधारण विमा कंपनी आणि एक आरोग्य विमा कंपनी यांचेच प्रतिनिधित्व करता येते. पीक विमा किंवा निर्यात पत विमा असा एकाच प्रकारचा व्यवसाय करणाऱ्या कंपन्यांपैकी प्रत्येक प्रकारची एकेक कंपनी त्यात जोडता येते. दोन आयुर्विमा कंपन्या एकाच वेळी चालत नाहीत. अनेक कंपन्यांच्या पॉलिसी समोर ठेवून ग्राहकाच्या बाजूने निवड करणारा तो विमा दलाल. त्यासाठी निराळी नोंदणी व मोठे भांडवल लागते. एकट्यादुकट्याचे ते काम नव्हे. प्रतिनिधी हा कायद्याच्या दृष्टीने कंपनीचा माणूस असतो. त्याच्या कृत्याची आणि कसुरीची जबाबदारीही याच कलमाने कंपनीवर टाकली आहे.

याचा अर्थ असा की, प्रतिनिधी जी कंपनी निवडतो ती त्याच्या वाड्यावरच्या पन्नास-शंभर कुटुंबांसाठीही निवडली जाते. आपल्या ओळखीच्या मुलाकडून विमा घेणारा माणूस कंपनीचे नाव क्वचितच विचारतो. तो मुलाच्या तोंडाकडे पाहून सही करतो.

एके काळी ही निवड करण्याचा प्रश्नच नव्हता. मराठी मुलखात विम्याचा व्यवसाय जुना आहे. साताऱ्यास अण्णासाहेब चिरमुले यांनी वेस्टर्न इंडिया लाइफ इन्शुरन्स कंपनी 1913 साली स्थापन केली होती. परंतु त्या काळी देशात अनेक कंपन्या बुडाल्या आणि त्यांच्याबरोबर विधवांची पुंजीही बुडाली. चिंतामणराव देशमुख केंद्रीय अर्थमंत्री असताना जानेवारी 1956 मध्ये आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाचे पाऊल उचलले गेले आणि 1 सप्टेंबर 1956 रोजी आयुर्विमा महामंडळ अस्तित्वात आले. सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण 1 जानेवारी 1973 पासून होऊन त्याच्या चार कंपन्या झाल्या. 1999 च्या अधिनियमाने विमा नियामक व विकास प्राधिकरण स्थापन झाले आणि 2000 सालापासून खाजगी कंपन्यांना दार उघडले. प्राधिकरणाचे मुख्यालय आज हैदराबाद येथे आहे. दार उघडल्यावर निवड आली आणि निवडीबरोबर तिची जोखीमही आली.

आता निवड कशी करावी? नवा उमेदवार पहिला प्रश्न विचारतो तो कमिशनचा. तो स्वाभाविक असला तरी पहिला नव्हे. 2023 च्या विनियमांनंतर कमिशनचा दर प्राधिकरणाने ठरविलेल्या एकूण खर्चमर्यादेत राहून ज्या त्या कंपनीचे संचालक मंडळ ठरवते. त्यामुळे कंपनी-कंपनीत फरक असतो आणि भरतीसाठी आलेला अधिकारी तोच फरक पुढे करतो. उमेदवाराने मात्र उलट्या टोकाकडून, म्हणजे दाव्याच्या दिवसापासून, विचार करावा. विमेदार गेला, त्याची पत्नी कागद घेऊन दारात उभी राहिली, तर ही कंपनी तिला किती दिवसांत आणि किती फेऱ्यांनंतर पैसे देईल?

या प्रश्नाचे उत्तर बहुतांशी छापील स्वरूपात मिळते. प्राधिकरणाच्या वार्षिक अहवालात प्रत्येक आयुर्विमा कंपनीने वैयक्तिक मृत्युदाव्यांपैकी शेकडा किती दावे मंजूर केले, याचा तक्ता असतो. तो पाहताना दाव्यांची संख्या आणि दाव्यांची रक्कम असे दोन्ही रकाने पाहावेत. एखादी कंपनी लहान रकमांचे दावे झटपट देते आणि मोठ्या रकमेला अडून बसते. अशा वेळी संख्येचा आकडा भरघोस दिसतो व रकमेचा आकडा मागे पडतो. एका वर्षावर न विसंबता तीन-चार वर्षांचे आकडे घ्यावेत.

दुसरा आकडा पॉलिसी टिकण्याचा. शंभर पॉलिसींपैकी तेराव्या महिन्यात किती चालू राहिल्या आणि एकसष्टाव्या महिन्यात किती उरल्या, हे कंपन्यांना जाहीर करावे लागते. हा आकडा आमच्या मते सर्वांत बोलका आहे. पाच वर्षांत निम्म्याहून अधिक पॉलिसी बंद पडत असतील तर त्या गरज पाहून नव्हे, गळ्यात मारून विकल्या गेल्या असाव्यात. अशा कंपनीत प्रतिनिधीवरही तोच दबाव येणार हे उघड आहे. प्रतिनिधीचे पुढील वर्षांचे उत्पन्नही याच टिकाऊपणावर अवलंबून असते, कारण नूतनीकरणाचे कमिशन हप्ता भरला तरच मिळते. तिसरी गोष्ट पतक्षमतेची. देणी भागविण्याचे कंपनीचे प्रमाण किमान दीडपट असावे असे बंधन आहे. त्याखाली गेलेल्या कंपनीचे प्रतिनिधित्व नव्याने पत्करण्यात शहाणपण नाही.

सर्वसाधारण व आरोग्य विम्यात कसोटी थोडी निराळी आहे. गोळा केलेल्या हप्त्यांच्या मानाने दाव्यांपोटी किती खर्च झाला, ते प्रमाण पाहावे. ते फार कमी असेल तर लोकांच्या हाती थोडेच पडते आणि सतत शंभराच्या वर असेल तर कंपनी तोट्यात चालली आहे असे समजावे. मोटार विम्यातील तृतीय पक्षाचा हप्ता केंद्र सरकार ठरवून देत असल्याने त्यात ‘आमच्याकडे स्वस्त’ असे कोणी म्हणू लागल्यास त्यास अर्थ नाही. घरविम्यात 1 एप्रिल 2021 पासून ‘भारत गृह रक्षा’ या नावाची एकसारख्या अटींची पॉलिसी आली आहे. आरोग्यासाठी त्याआधी वर्षभर ‘आरोग्य संजीवनी’ आली. नव्या प्रतिनिधीला अशा नमुनेदार पॉलिसींचा एक फायदा आहे. अटी सारख्या असल्याने हप्ता आणि सेवा यांतला फरक उघडा पडतो आणि कंपनीची पारख करता येते. जुलै 2021 च्या पुरात सत्तरी व डिचोली तालुक्यांत घरांची पडझड झाली. अशा वेळी नुकसानीची पाहणी करणारा सर्वेक्षक पणजी-मडगावातून दुसऱ्या दिवशी पोचतो की बाहेरगावाहून आठवड्याने, हे जाहिरातीत लिहिलेले नसते. त्या कंपनीच्या जुन्या विमेदारांना भेटूनच ते कळते. आरोग्य विम्यात कोणत्या रुग्णालयांत रोख न भरता उपचार होतात ती यादी मागून घ्यावी आणि तीत आपल्या लोकांच्या जाण्यायेण्यातली रुग्णालये आहेत का ते बोट ठेवून पाहावे. उपचारासाठी बेळगाव वा मुंबई गाठणारी कुटुंबेही आपल्याकडे आहेत.

नेमणुकीची रीत अवघड नाही. उमेदवार अठरा वर्षे पूर्ण झालेला व दहावी उत्तीर्ण असावा. अर्ज कंपनीकडेच करावयाचा. कंपनी प्रशिक्षण देते, त्यानंतर मुंबईच्या भारतीय विमा संस्थेची परीक्षा असते आणि ती उत्तीर्ण झाल्यावर कंपनीच नेमणूकपत्र देते. आयुर्विम्याबरोबर सर्वसाधारण वा आरोग्य विम्याचे काम करावयाचे असल्यास त्या कंपनीकडेही रीतसर नेमणूक घ्यावी लागते. पुढे कंपनी बदलावयाची तर जुन्या कंपनीकडून मुक्तीचे प्रमाणपत्र मिळवावे लागते. विकलेल्या पॉलिसी मात्र जुन्या कंपनीतच राहतात. म्हणजे प्रतिनिधी गेला तरी त्याचे शेजारी तेथेच अडकलेले असतात. पहिलीच निवड विचारपूर्वक करावी असे आग्रहाने सांगण्याचे हेही एक कारण आहे.

प्रत्यक्ष कामात तीन ठिकाणी पाय घसरतो. पहिला हप्ता आपल्या कमिशनमधून भरण्याचे आमिष दाखविणे हा कलम 41 खाली गुन्हा असून त्यास दहा लाख रुपयांपर्यंत दंड आहे. ही सवलत घेणाराही दोषी ठरतो. हप्त्याची रक्कम हाती घेतल्यास ती कमिशन न कापता चोवीस तासांच्या आत कंपनीकडे पोचविणे बंधनकारक आहे. त्यातून फक्त बँक व टपालाच्या सुट्ट्या वगळल्या आहेत. आणि तिसरे ठिकाण प्रस्ताव-अर्जाचे. समजा, एका बागायतदाराला रक्तदाबाचे औषध चालू आहे आणि ‘लिहिलेस तर हप्ता वाढेल’ म्हणून प्रतिनिधीने तो रकाना कोरा ठेवला. कलम 45 नुसार तीन वर्षांनंतर कोणत्याही कारणावरून पॉलिसीस आव्हान देता येत नाही. परंतु तो दुसऱ्याच वर्षी गेला तर माहिती दडविल्याच्या कारणावरून दावा नाकारला जाऊ शकतो. कंपनी कितीही चोख निवडलेली असो, येथे ती उपयोगी पडत नाही आणि त्या घरासमोरून रोज जावे लागते ते प्रतिनिधीलाच.

बँकेतून मिळणारी जीवनज्योती योजना वर्षाला 436 रुपयांत दोन लाखांचे आणि सुरक्षा योजना 20 रुपयांत तेवढ्याच रकमेचे अपघाती संरक्षण देते. गरीब विमेदारास आधी तिकडे पाठविणारा प्रतिनिधी आपले गिऱ्हाईक गमावतो असे आम्हांस वाटत नाही.

शासकीय सेवक व शाळांतील शिक्षक यांच्यासाठी एक सूचना वेगळी द्यावीशी वाटते. गोवा शासनाच्या सेवकांनाही लागू असलेल्या केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1964 च्या नियम 15 प्रमाणे पत्नीच्या अथवा कुटुंबातील अन्य व्यक्तीच्या विमा एजन्सीसाठी सेवकाने प्रचार करणे हा नियमभंग समजला जातो. कुटुंबातील कोणी अशी एजन्सी चालवीत असल्यास ते शासनास कळवावे लागते. ‘बाईंच्या नावाने मास्तरांची एजन्सी’ हा प्रकार खेड्यात लपत नाही.

पॉलिसीचा कागद हाती आल्यापासून तीस दिवसांत ती नापसंत असल्यास परत करता येते, हे प्रतिनिधीने विमेदारास आपणहून सांगावे. कंपनीकडे केलेल्या तक्रारीची दाद लागली नाही, तर विमा लोकपालाकडे विनामूल्य अर्ज करता येतो. गोव्यातील विमेदारांसाठी हे कार्यालय पुण्यास आहे.