फ्लुऑक्सेटिन : गोळी आज, गुण काही आठवड्यांनी

फ्लुऑक्सेटिन हे नैराश्यावरचे औषध अमेरिकेत १९८७ च्या डिसेंबरात मान्य झाले आणि ‘प्रोझॅक’ या नावाने जगभर पोचले. त्याचा मुख्य परिणाम होतो तो सेरोटोनिन या रसायनावर. मेंदूतल्या दोन चेतापेशींमध्ये अतिसूक्ष्म फट असते. संदेश देणारी पेशी या फटीत सेरोटोनिन सोडते, समोरच्या पेशीवरचे ग्राहक ते टिपतात आणि उरलेले सेरोटोनिन पहिली पेशी एका प्रथिनाच्या मदतीने पुन्हा आत ओढून घेते. फ्लुऑक्सेटिन नेमके या प्रथिनाला अडवते. त्यामुळे सेरोटोनिन फटीत जास्त वेळ टिकते.

हे सारे पहिल्या गोळीनंतर काही तासांतच सुरू होते. मन सावरू लागायला मात्र दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण गुण यायला कधी सहा-आठ. असे का? सेरोटोनिन सोडणाऱ्या पेशीवरही ग्राहक असतात. भोवतीचे सेरोटोनिन वाढले की ते पेशीला आवर घालतात आणि ती कमी सेरोटोनिन सोडू लागते. म्हणजे औषधाने साधलेले शरीरच सुरुवातीला बरेचसे वजा करते. काही आठवड्यांत हे ग्राहक बोथट होतात आणि आवर सैल पडतो. पेशींच्या जोडण्यांना पोसणारे बीडीएनएफ हे प्रथिनही या काळात वाढते, असे प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसले आहे. ‘सेरोटोनिन कमी पडले म्हणून नैराश्य आले’ हे स्पष्टीकरण सोपे असले तरी अपुरे आहे.

शरीरातले सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यांत असते. म्हणून पहिल्या आठवड्यात मळमळते, पोट बिघडते. बहुतेकांचा हा त्रास पुढे ओसरतो. रक्तातल्या प्लेटलेटही त्याच प्रथिनाने सेरोटोनिन आत घेतात. त्यामुळे सोबत ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो. झोप उडू नये म्हणून गोळी सहसा सकाळी देतात. कामेच्छा मंदावणे हा परिणाम पुष्कळांना जाणवतो. संकोचापोटी रुग्ण तो सांगत नाहीत आणि गोळी गुपचूप सोडून देतात. खरे तर डॉक्टरांनीच आपणहून विचारायला हवे.

यकृतात या औषधाचे नॉरफ्लुऑक्सेटिन बनते. तेही तेच काम करते आणि त्याचे रक्तातले प्रमाण निम्मे व्हायला ४ ते १६ दिवस लागतात. म्हणून गोळी थांबवल्यावरही औषध कित्येक आठवडे अंगात राहते. एमएओ-रोधक गटातली जुनी नैराश्यविरोधी औषधे त्यानंतर किमान पाच आठवडे सुरू करता येत नाहीत. दोन्हींच्या संयोगाने सेरोटोनिन जिवावर बेतण्याइतके वाढू शकते.

पंचविशीच्या आतल्या काही रुग्णांमध्ये सुरुवातीच्या आठवड्यांत आत्महत्येचे विचार वाढू शकतात, तेव्हा घरच्यांनी या काळात डोळ्यांत तेल घालून लक्ष द्यावे. असे विचार दिसले तर लगेच डॉक्टरांना गाठावे. सरकारची टेली-मानस सेवाही १४४१६ या क्रमांकावर मोफत उपलब्ध आहे. पण पंधरा दिवसांत फरक पडला नाही म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नये.